सेल्स टॅक्समुळं अॅफिलिएट बंद करायलोय म्हणून अमेरिकेतल्या दुकानाचा मेल आलाय, आणि इकडं जीएसटीचा वेगळाच घोळ

शेंगाचटणी_डील्स

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला राहतो. तीन वर्षं झाली टेलिग्रामवर डील्सचं चॅनल चालवतोय, आणि इंग्रजीत एक ब्लॉग आहे टॉवेल, बेडशीट, चादरी असल्या मालावर. सोलापुरात जन्मलो म्हटल्यावर दुसरं कशावर लिहिणार, लहानपणापासून कानात मागाचाच आवाज. ब्लॉगवर अमेरिकेतली गिऱ्हाईकं येतात, त्यांच्यासाठी तिकडच्या दोन-तीन दुकानांच्या लिंका टाकलेल्या आहेत, त्यातनं कमिशन येतं.

आता मुद्दा. परवा त्यातल्या एका छोट्या दुकानाचा मेल आला की सेल्स टॅक्सच्या कायद्यामुळं काही राज्यांतल्या अॅफिलिएटांचा (म्हणजे माझ्यासारखे लिंका टाकून कमिशन घेणारे) प्रोग्रॅम बंद करतोय, तुमचं खातं त्यात बसतं, महिनाअखेर शेवटचं पेमेंट. मला समजेना, मी सोलापुरात बसून लिंक टाकतो, मी कुठं काय विकतो की माझ्यावर टॅक्स लागावा?

त्या टेन्शनमध्ये इकडच्या जीएसटीचं पण विचारून घ्यावं म्हणून चार जणांना विचारलं तर चार उत्तरं. एक म्हणतो ऑनलाईन आहे म्हणजे जीएसटी नंबर पाहिजेच, एक म्हणतो २० लाखापर्यंत नको, मित्र म्हणतो ४० लाख, आणि ज्या ऑफिसात रिटर्न भरायला देतो तिथला पोरगा म्हणाला आजच्या आज नंबर काढा नाहीतर नोटीस येईल. मागच्या वर्षी इंडियातलं कमिशन ५ लाख ८० हजार झालं, अमेरिकेतलं साधारण ३ लाख १० हजार. शिवाय घराच्या वरची एक खोली भाड्यानं दिलीय, १२ हजार महिना, माझ्याच नावावर.

अजून एक, ही बारीक गोष्ट आहे पण डोक्यातनं जाईना. १०५० च्या टॉवेल सेटवर ६ टक्क्यानं ६३ रुपये यायला पाहिजेत ना, मला ६० च आले. हे ३ रुपये कुणी खाल्ले? एका सेटचं काय नाय हो, पण महिन्याला शेकड्यानं ऑर्डरी असतात.

---

नवीपेठेचा_नाना

भाऊ ऑनलाईन म्हणजे जीएसटी कंपलसरी, विषय संपला. माझं दुकान आहे नवी पेठेत, मी ऑनलाईन माल टाकायला गेलो तेव्हा पहिल्या पानावरच नंबर मागितला. आणि ते कंपनीवाले टीसीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा टॅक्स) पण कापतात. ते ३ रुपये तेच असणार.

---

हिशोबवही

नाना, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे पण त्याला ते लागू नाही, दोघांचा धंदाच वेगळा. तुम्ही पोर्टलवर माल विकता. विक्रीचे पैसे आधी पोर्टलकडे जमा होतात आणि तुम्हाला देताना ते टीसीएस कापतात, आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. हा पोरगा काहीच विकत नाही, त्याच्या नावानं बिलच फाटत नाही. तो फक्त गिऱ्हाईक दारापर्यंत आणून सोडतो आणि त्याची दलाली घेतो. त्याला टीसीएसचा काही संबंध नाही.

मी करसल्लागाराच्या ऑफिसात बसतो, बारा वर्षं झाली, दत्त चौकाच्या आसपास एवढंच सांगतो. दर आठवड्याला असला एक तरी यूट्यूबवाला येतो त्यामुळं हे पाठ झालंय.

भाऊ, तुझं कमिशन म्हणजे सेवा. सेवेला महाराष्ट्रात मर्यादा २० लाख, ४० लाख ही मालाची, तुझ्या मित्रानं तिथं गल्लत केली. आणि "दुसऱ्या राज्यातल्या कंपनीला सेवा दिली की पहिल्या रुपयापासून नंबर" ही भीती २०१७ च्या जुलैत खरी होती, म्हणून अजून लोकांच्या डोक्यात बसलीय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोटिफिकेशन आलं, सेवा देणाऱ्याला आंतरराज्य असलं तरी २० लाखापर्यंत नंबरची सक्ती नाही. आता बेरीज कर. इंडियातलं कमिशन, डॉलरमधलं कमिशन, आणि हो, खोलीचं भाडं पण धरायचं. राहत्या घराचं भाडं करमुक्त असलं तरी टर्नओव्हर मोजताना ते येतंच, लोक तेच विसरतात. ५.८० आणि ३.१० आणि १.४४, म्हणजे १० लाख ३४ हजार. नंबर नको. घेतलास तर दर महिन्याला नाहीतर तिमाहीला रिटर्न, उशीर झाला की लेट फी, आणि पहिल्या रुपयापासून १८ टक्के लागू.

हा १८ टक्क्याचा घोळ कुठं होतो सांगतो, आमच्याकडं एका क्लायंटचं असंच झालं. त्यांचं कापडाचं दुकान, मालकीचं, जीएसटी नंबर आधीपासून. पोरानं हौसेनं बापाच्या पॅनवर अॅफिलिएट खातं उघडलं. कमिशन वर्षाला पावणेदोन लाख. कुणाला वाटलं नाही की हे पण त्याच नंबरात धरायचं असतं. पॅन एक म्हणजे माणूस एक, तिथं वेगळे २० लाख मिळत नाहीत. नंतर व्याजासकट भरायला लागलं, आणि प्रोग्रॅमच्या अटीत कमिशन टॅक्ससकट धरलेलं असल्यामुळं कंपनीकडनं वरचा टॅक्स मागायची पण सोय नव्हती, खिशातनं गेला. ५० हजार आले असले तर त्यातले ७,६२७ सरकारचे. तेव्हा तुझ्या वडिलांचं किंवा तुझं दुसरं काही रजिस्टर्ड असेल तर कुठलं खातं कुणाच्या पॅनवर आहे ते आधी बघ.

३ रुपयाचं सोपं आहे. कमिशन बहुतेक प्रोग्रॅममध्ये टॅक्स सोडून उरलेल्या किमतीवर देतात. १०५० मध्ये ५ टक्के जीएसटी आहे, मूळ किंमत १०००, त्यावर ६ टक्के म्हणजे ६०. कुणी काही खाल्लं नाही. उलट गंमत बघ, २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा १००० च्या वरच्या चादरी १२ वरनं ५ वर आल्या, २५०० पर्यंतच्या नगाला. १६८० ला विकत होते ती चादर आधी मूळ १५०० ची धरली जायची. दुकानदारानं किंमत उतरवली तर १५७५ आणि तुझं कमिशन आहे तेवढंच. पण ज्यांनी १६८० तशीच ठेवली (असले महाभाग पण आहेत) त्यांची मूळ किंमत १६०० झाली आणि तुझं कमिशन काही न करता वाढलं. जुने रिपोर्ट काढून बघ, दिसेल.

इन्कम टॅक्सचं वेगळं. वर्षाला २० हजाराच्या वर कमिशन गेलं की कंपनी २ टक्के टीडीएस कापते, ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ होता. पॅन दिला नसेल तर सरळ २० टक्के. आणि कमिशनच्या उत्पन्नाला अंदाजे नफ्याचं रिटर्न चालत नाही, कायद्यातच दलाली बाहेर काढलीय. नेटचं बिल, डोमेन, फोटोसाठी आणलेला माल, सगळ्याच्या पावत्या ठेव. खोके भरून आणतात लोक मार्चमध्ये, त्यात निम्म्या पावत्यांची शाई उडालेली असते.

अमेरिकेचं मला नीट येत नाही, तिथला कुणी असेल तर सांगेल.

---

टॉवेलवाला_अण्णा

मी सांगतो, मी दुकानदाराच्या बाजूचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे, निर्यातीसोबत २०१९ पासून अमेरिकेत आपली वेबसाईट पण आहे, माल तिकडच्या गोडाऊनमध्ये ठेवून विकतो. आमचा पण छोटा अॅफिलिएट प्रोग्रॅम आहे, पन्नास-साठ ब्लॉगवाले. त्यामुळं असला मेल कोण कशाला पाठवतंय ते मला माहिती आहे, मी पण पाठवलाय.

आधी हे समजून घे की तिकडं आपल्यासारखा देशाचा एक जीएसटी नाही. सेल्स टॅक्स राज्याराज्याचा, कॅलिफोर्नियात सुरुवातच ७.२५ टक्क्यापासून, ओरेगॉनमध्ये शून्य. गिऱ्हाईक भरतं, दुकानदारानं गोळा करून राज्याला द्यायचा. पण कुठल्या दुकानदारानं? ज्याचा त्या राज्याशी संबंध आहे त्यानं. ह्या संबंधाला ते नेक्सस म्हणतात आणि सगळी भांडणं ह्या एका शब्दाची आहेत. १९९२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं क्विल नावाच्या कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की राज्यात तुमचं ऑफिस, गोडाऊन, माणूस काहीतरी असलं तरच टॅक्स गोळा करायची सक्ती. ते पोस्टानं सामान मागवायच्या जमान्यातलं. पुढं इंटरनेट आलं आणि ऑनलाईनवाले विनाटॅक्स विकायला लागले, गल्लीतला दुकानदार टॅक्स लावून.

मग २००८ ला न्यूयॉर्कनं डोकं लावलं. म्हणाले तुमचं ऑफिस नाही ठीक आहे, पण आमच्या राज्यात राहणारा माणूस लिंक टाकून तुम्हाला गिऱ्हाईक देतो आणि कमिशन घेतो ना? मग तो तुमचा माणूसच झाला की. असल्या लोकांच्या लिंकातनं चार तिमाहीत १० हजार डॉलरच्या वर विक्री झाली की तुम्ही टॅक्स गोळा करायचा. म्हणजे बघ, बिचारा ब्लॉगवाला घरात बसून लिहिणारा, त्याच्यावर टॅक्स नाही, पण त्याच्या नुसत्या असण्यानं दुकानदारावर टॅक्स आला. दुकानदारानं काय केलं? माणूसच काढून टाकला. ओव्हरस्टॉकनं न्यूयॉर्कचे अॅफिलिएट त्याच वर्षी बंद केले. अॅमेझॉननं तिथं टॅक्स गोळा केला आणि कोर्टात गेलं, पण २००९ ला नॉर्थ कॅरोलिना, ऱ्होड आयलंड आणि २०११ ला इलिनॉय, कॅलिफोर्निया, कायदा आला की तिथले अॅफिलिएट बंद, असा सपाटाच लावला होता.

२०१८ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं क्विल उलटवलं, साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर, ती फर्निचर विकणारी कंपनी. आता राज्यात काही नसलं तरी विक्रीच ठराविक आकड्याच्या वर गेली की टॅक्स. साउथ डकोटाचा आकडा १ लाख डॉलर, बऱ्याच राज्यांनी तोच धरला, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाचा ५ लाख. मोठ्या दुकानांना सगळीकडं टॅक्स गोळा करावाच लागतो म्हटल्यावर अॅफिलिएट काढून त्यांचा काय फायदा? म्हणून त्यांनी काढायचं बंद केलं. कॅलिफोर्नियानं तर २०१९ ला तो लिंकवाला नियमच मोडीत काढला. न्यूयॉर्कनं ठेवलाय. तिथं मरण कुणाचं, तर आमच्यासारख्या छोट्यांचं. न्यूयॉर्कात आमची विक्री ५ लाखाच्या आसपास पण नाही, पण तिथल्या दोघी ब्लॉगवाल्या बायकांच्या लिंकातनंच १० हजार डॉलर होतील की काय असं झालं होतं. एकदा झाले की नोंदणी करा, रिटर्न भरा, तिकडच्या हिशोबनिसाची फी द्या. मी रात्री एकला लूमच्या केबिनमध्ये बसून त्या शीटमध्ये पिनकोडप्रमाणं लोक चाळत होतो. शेवटी त्या दोघींना थांबवलं. चांगल्या लिहायच्या हो, एकीनं टॉवेल वीस वेळा धुऊन त्याचे फोटो टाकले होते. वाईट वाटलं पण काय करणार.

आता तुझं. हा नियम त्या राज्यात राहणाऱ्या माणसाला धरून आहे. तू सोलापुरात आहेस, तुझ्यामुळं त्या दुकानदाराला अमेरिकेतल्या कुठल्याच राज्यात नेक्सस होत नाही. मग तुला मेल का आला? दुकानदारानं यादी पत्त्यावरनं काढली असणार. खातं उघडताना पत्ता कुणाचा दिलायस बे?

---

शेंगाचटणी_डील्स

अण्णा… मावसभावाचा. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये असतो. तीन वर्षांमागं ते दुकान भारतातल्या बँकेत पैसे पाठवत नव्हतं म्हणून त्याच्याच नावानं खातं काढलं, पैसे त्याच्या बँकेत जातात, दोन-तीन महिन्यांतनं एकदा तो मला पाठवतो. घरखर्चासाठी असं लिहून. बाकीची दोन दुकानं माझ्या नावावर आहेत, पण पैसे यातच जास्त येतात.

---

टॉवेलवाला_अण्णा

घ्या. मग त्या दुकानदाराची काय चूक? त्याच्या शीटमध्ये तू क्वीन्सचा.

---

क्वीन्सची_अक्का

मूळची अशोक चौकातली, आता इकडेच. (क्वीन्स बघून लॉगिन केलं, तो मावसभाऊ माझ्याच बिल्डिंगमध्ये निघायचा.) मी २०११ ला इलिनॉयमध्ये होते, पोरगी लहान, घरी बसून कूपनांचा ब्लॉग चालवायचे, महिन्याचं ग्रोसरी त्यात निघायचं. मार्चमध्ये कायदा झाला आणि एका मोठ्या ऑनलाईन दुकानाचा मेल आला, अगदी तुझ्यासारखाच, आभारी आहोत आणि अमुक तारखेपासून बंद. नवऱ्याला म्हटलं अरे मी टॅक्स बुडवला नाही काही नाही, मलाच का? तो म्हणाला तू राहतेस म्हणून. फॅटवॉलेट नावाची मोठी डील्सची साईट होती ती तर ऑफिस गुंडाळून राज्याची हद्द ओलांडून विस्कॉन्सिनात बेलॉइटला गेली. आम्ही कुठं जाणार, नवऱ्याची नोकरी. २०१३ ला इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द केला, पण तोपर्यंत ब्लॉगवर धूळ बसली होती.

पण भावा तुझं प्रकरण सेल्स टॅक्सच्या पुढचं आहे. खातं मावसभावाच्या नावावर म्हणजे फॉर्म त्यानं भरला, टॅक्स नंबर त्याचा, वर्षाअखेरी १०९९ (कुणाला किती पैसे दिले ते सरकारला सांगायचा फॉर्म) त्याच्या नावानं निघतो. म्हणजे तुझं कमिशन इथल्या सरकारच्या लेखी त्याचं उत्पन्न. तो बिचारा त्याच्यावर इथं टॅक्स भरतोय की नाही ते त्याला फोन करून विचार, लाजून गप्प बसला असेल. नातेवाईकाचं मोठं मन एप्रिलमध्ये रिटर्न भरताना कळतं.

तुझ्या नावानं खातं काढलंस की डब्ल्यू-८बीईएन फॉर्म भरायचा, मी अमेरिकेचा नाही आणि काम भारतात बसून करतो असं. काम अमेरिकेबाहेर केलेलं असलं की त्या कमाईवर इथला टॅक्स कापायचं कारण राहत नाही. आणि इथल्या सेल्स टॅक्सचा तुझ्या कमिशनशी संबंध एवढाच की किंमत पानावर टॅक्स सोडून असते, कमिशन त्याच किमतीवर, टॅक्स शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात चढतो.

---

हिशोबवही

अक्का बरोबर बोलल्या. इकडच्या बाजूनं पण तेच, घरखर्चाच्या नावानं आलेले पैसे उद्या "हे निर्यातीचं उत्पन्न आहे" म्हणून दाखवायला गेलास तर कुणी मानणार नाही. निर्यात म्हणायला परकीय चलनात तुझ्या खात्यात, योग्य कारणाच्या कोडनं यायला पाहिजे, आणि बँकेकडनं त्याचा दाखला घेऊन फाईलला लावायचा. इन्कम टॅक्समध्ये ते ३ लाख १० हजार दाखवलेस का रे?

---

शेंगाचटणी_डील्स

दाखवलेत साहेब, तेवढी अक्कल होती. मावसभावाला फोन केला आत्ताच. तो भरतोय टॅक्स, दोन वर्षं. म्हणाला तुला सांगणार होतो. मला बोलायला तोंड राहिलं नाही. हिशोब करून त्याचे देणार आहे.

एक शेवटचं, डॉलरमधल्या कमिशनवर १८ टक्के लागतात असं एका व्हिडिओत ऐकलं, निर्यातीला तर शून्य असतो ना?

---

हिशोबवही

व्हिडिओवाला अर्धं बरोबर बोललाय. निर्यात असेल तर शून्य, एलयूटी (टॅक्स न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरून. पण आयजीएसटी (राज्याबाहेरच्या आणि परदेशी व्यवहारांचा जीएसटी) कायद्यात कलम १३(८)(ब) होतं, मध्यस्थाची सेवा असेल तर ती जिथं मध्यस्थ बसलाय तिथं दिली असं धरायचे. म्हणजे गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं, दुकान न्यूयॉर्कचं, आणि सेवा सोलापुरात. त्यामुळं १८ टक्के लागायचे. अॅफिलिएट हा मध्यस्थ की नुसती जाहिरात देणारा, यावर करारातली भाषा बघून भांडता यायचं, आणि भांडलेत लोक. सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी कौन्सिलनं ते कलमच काढून टाकायची शिफारस केली, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात ते काढायचं ठरलं. पण तू २० लाखाच्या आत आहेस, नंबरच नाही तर १८ कुठनं येणार. १५-१६ लाखाच्या पुढं गेलास की ये, चहा पाजतो, तेव्हा बघू. भाडं धरून बरं का.

---

नवीपेठेचा_नाना

म्हणजे ते ३ रुपये टीसीएसचे नव्हते तर. बरं. माझ्या पोरानं पण कायतरी लिंका टाकायला सुरू केल्यात, माझ्याच पॅनवर काढलंय वाटतं. दुकानाचा नंबर आहे माझा. कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांची ठोक दरानं टॅक्स भरायची स्कीम).

---

हिशोबवही

नाना, कंपोझिशनवाल्याला राज्यातल्या राज्यात सेवा करता येते, मागच्या वर्षीच्या टर्नओव्हरच्या १० टक्के किंवा ५ लाख, जे जास्त असेल तेवढी. पण आज संध्याकाळी पोराला बसवून बघा काय काय आलंय ते. आणि पुढचं त्याच्या स्वतःच्या पॅनवर काढा.

---

टॉवेलवाला_अण्णा

शेंगाचटणी, नवीन खातं काढल्यावर लिंकांतला कोड बदलायला लागतो, जुन्या तशाच राहिल्या तर कमिशन हवेत जाईल. त्या दुकानदाराला साधा मेल टाक, राहतो भारतात, पत्ता चुकीचा होता, नवीन खात्यात घ्याल का. बहुतेक घेईल, त्याला पण लिहिणारा माणूस हवाच असतो. नाही घेतलं तर आमच्याकडं ये, ८ टक्के देतो. फक्त पत्ता विजापूर रोडचा टाक.

---

शेंगाचटणी_डील्स

टाकला मेल. ४१२ लिंका आहेत अण्णा, आजपासून बसलोय, ३० झाल्या.